हे शिकून होणार काय? फ्लेचर स्कूलचा प्रवेश आणि तिथली दोन वर्षं

भारताच्या परराष्ट्र सेवेत शिरायचं तर यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा द्यायची, वरचा क्रमांक आणायचा आणि पसंतीक्रमात आयएफएस वर लिहायचं. परदेशातल्या डिप्लोमसीच्या पदवीला तिथे काडीचंही वजन नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मी हे भेटेल त्याला सांगत होते. तरी नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या गावात पारासमोर फ्लेक्स लागलाच. 'भावी राजदूत' अशी अक्षरं, मध्ये माझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्यातले निम्मे येत्या जिल्हा परिषदेचे इच्छुक. नाना, म्हणजे माझे वडील, फ्लेक्स बघून आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "राजदूत नाही होणार म्हणतेस, मग हे शिकून होणार काय?"

पुढे हाच प्रश्न मला अर्जाने विचारला, बँकेने विचारला, व्हिसाच्या खिडकीने विचारला. प्रत्येकाला पटणारं उत्तर निराळं होतं. या सगळ्या खटाटोपाचं सार विचाराल तर तेवढंच.

मी चालले होते फ्लेचर स्कूल ऑफ लॉ अँड डिप्लोमसीत. बॉस्टनच्या कुशीतल्या मेडफर्डला टफ्ट्स विद्यापीठ आहे, त्याचा हा भाग. ऑस्टिन बार्कले फ्लेचर या टफ्ट्सच्याच माजी विद्यार्थ्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले आणि त्यातून १९३३ मध्ये ही संस्था उभी राहिली. सुरुवातीला हार्वर्डही सोबत होतं. फक्त पदव्युत्तर आणि फक्त आंतरराष्ट्रीय व्यवहार शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थांमध्ये ही सगळ्यांत जुनी. आपल्याकडे तिचं नाव ऐकू येतं ते शशी थरूर यांच्यामुळे. १९७८ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, त्यांनी इथून पीएचडी केली. १९७३ ते १९७५ या काळात अमेरिकेचे भारतातले राजदूत असलेले डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन हेही इथलेच.

पण मला या नावांचं फार अप्रूप नव्हतं. मला ओढलं ते तिथल्या अभ्यासक्रमाच्या रचनेने. तेव्हा तीन विभाग होते: एक डिप्लोमसी, इतिहास आणि राजकारणाचा, दुसरा अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय व्यवसायाचा, तिसरा कायदा आणि आंतरराष्ट्रीय संघटनांचा. मी घेतला तो एमएएलडी, म्हणजे कायदा आणि डिप्लोमसीतल्या एम.ए.चा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिन्हीकडचे विषय घेतल्याशिवाय पुरा होत नसे. धंदाच शिकायचा असेल त्यांच्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेली आंतरराष्ट्रीय व्यवसायाची वेगळी पदवीही होती, पण त्या मुलांनाही कायदा आणि राजकारण चुकत नसे. एमबीए करणारे आणि परराष्ट्र खात्यातून सुट्टी काढून आलेले एकाच बाकावर. मला नेमकं हेच हवं होतं, आणि त्याचं कारण लिहोसीन.

निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला लिहोसीन सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. वेलीची नुसती पालेदार वाढ आवरून घड जास्त निघावेत म्हणून छाटणीनंतर मारायचं हे वाढरोधक, शास्त्रीय नाव क्लोरमेक्वाट क्लोराइड. २०१० च्या हंगामात युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत त्याचे अंश सापडले. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं. म्हणजे इथल्या प्रयोगशाळेचा स्वच्छ अहवाल हातात, आणि तिथे माल अडलेला. कंटेनर बंदरावर पडून राहिले, काही माल नष्ट झाला, निर्यातदारांनी शेतकऱ्यांचे पैसे थांबवले. त्या वर्षी मी कॉलेजात होते. आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी माणसं जमायची आणि एकच विचारायची: हा आकडा ठरवला कुणी, आणि आपल्याला विचारलं कसं नाही?

बी.कॉम. नंतर मी पिंपळगावलाच एका निर्यातदाराच्या पॅकहाऊसवर कागदपत्रं बघायला लागले. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, रेसिड्यू रिपोर्ट, बिल ऑफ लेडिंग, न्हावा शेवा बंदरातल्या एजंटाचे फोन. बाहेरून एम.कॉम. केलं. काम करता करता एवढं कळलं होतं की त्या आकड्यामागे जागतिक व्यापार संघटनेचा एक करार आहे, अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पतींच्या आरोग्याच्या नियमांबद्दलचा, ज्याला एसपीएस म्हणतात, आणि तो करार वाचणारं आमच्या साखळीत कुणीही नाही. बागायतदार नाही, निर्यातदार नाही, आमचे सीएसुद्धा नाहीत.

अर्ज भरताना पहिला मोठा कागद म्हणजे निबंध: पुढे काय करायचं आहे, आणि त्यासाठी हीच संस्था का. शिवाय, स्वतःबद्दल आणखी काहीतरी सांगणारा दुसरा निबंध. पुण्यातल्या एका सल्लागाराकडे गेले तर त्यांनी नमुनेच पुढे ठेवले. सगळ्यांत मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे विद्यार्थ्यांनी भरवलेली संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटीची सभा, सगळ्यांत 'लहानपणापासून जगाबद्दल कुतूहल'. मी कधी मॉडेल युनायटेड नेशन्समध्ये गेलेली नाही. आमच्या कॉलेजात युवा महोत्सव होता आणि एनएसएस होतं. मी कंटेनरपासून सुरुवात केली. रॉटरडॅमला अडलेला माल, ०.०५ चा आकडा, ओट्यावरचा प्रश्न, आणि मग या संस्थेतले कुठले विषय मला त्या प्रश्नाच्या जवळ नेतील ते. सल्लागारांना ते फार शेतकी वाटलं. मी फी दिलेली असल्यामुळे त्यांनी व्याकरण तेवढं तपासून दिलं.

बाकीचं ठरलेलं होतं. जीआरई ही प्रवेशपरीक्षा, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, दोन शिफारसपत्रं, गुणपत्रकं. जीआरईच्या गणिताची मराठी माध्यमाच्या मुलांनी भीती बाळगू नये, ते आपल्या दहावीचंच आहे. शब्दसंग्रह मात्र रडवतो. गुणपत्रकांनी मला त्याहून जास्त रडवलं. विद्यापीठाकडून ती शिक्का मारलेल्या बंद पाकिटात घ्यायची असतात. आमच्या विद्यापीठाच्या त्या खिडकीवर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी साहेबांच्या दाराशीच डबा खाल्ला. पाकीट मिळालं. अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं आहे, जीआरईच्या अभ्यासाआधी गुणपत्रकांचा अर्ज टाका.

मुलाखत ऐच्छिक होती आणि मी ती घेतली. स्काइपवर समोर तिथलीच दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी होती. तिने माझा निबंध बाजूला ठेवून विचारलं की युरोपच्या ग्राहकाला आपल्या पानातलं अन्न सुरक्षित असावं असं वाटलं तर त्यात चूक काय? मी म्हटलं, काहीच नाही. चूक एवढीच की आकडा बदलताना त्याची खबर ज्याच्या वेलीवर द्राक्ष आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही. ती हसली आणि लिहून घेऊ लागली. नानांना जे मला नीट सांगता आलं नव्हतं ते त्या दिवशी इंग्रजीत सांगता आलं, याचं मला जरा वाईटही वाटलं.

मार्चमध्ये निकाल आला. प्रवेश मिळाला, फीमध्ये काही सवलतही. तरी वर्षाची मूळ फी ४० हजार डॉलरच्या पुढे आणि राहण्या-खाण्याचा खर्च वेगळा. डॉलर तेव्हा ६७ रुपयांच्या आसपास होता. सवलत वजा जाता उरलेला आकडा नानांनी डायरीच्या मागच्या पानावर लिहिला आणि शांतपणे म्हणाले, "बाग आहे की तारण ठेवायला."

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण शेतकऱ्यांच्या मुलांना हे आधी कुणी सांगत नाही. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते, आणि शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाही. सरफेसी कायद्याखाली बँक कर्जबुडव्याची मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊ शकते. त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बँकेला ती नको. ज्या शाखेने पीककर्जासाठी आमच्या सातबाऱ्यावर बोजा चढवलेला होता, त्याच शाखेचे साहेब मला म्हणाले, "शेती नको, फ्लॅट आहे का कुणाचा?" गावातली सगळ्यांत देखणी बाग, आणि कागदावर तिची किंमत नाशिकच्या दोन खोल्यांपेक्षा कमी. शेवटी मामांनी पंचवटीतला फ्लॅट ठेवला. मामींनी त्या दिवशी पुरणपोळी केली होती, आणि जेवताना कुणीच फारसं बोललं नाही. बँकेचा शेवटचा प्रश्न तोच: हे शिकून मुलगी करणार काय? एमएस इन कॉम्प्युटर असतं तर विचारलंच नसतं. मी म्हटलं, एक्स्पोर्ट कन्सल्टन्सी. साहेबांनी फॉर्मवर 'एमबीए (समकक्ष)' असं लिहिलं आणि प्रकरण मंजूर झालं.

जे. एन. टाटा एंडोमेंटचीही मदत झाली. १८९२ पासून चालू असलेली ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, के. आर. नारायणन तिच्याच आधाराने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले, परराष्ट्र सेवेत आले आणि पुढे राष्ट्रपती झाले. तिथल्या मुलाखतीत समोरच्यांना एसपीएस करार म्हणजे काय हे माहीत होतं. भारतात तो समजावून सांगावा न लागलेली माझी ती पहिलीच बैठक.

व्हिसाचं फार सांगण्यासारखं नाही. डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म, सेविस या विद्यार्थी-नोंदणीची फी, एक दिवस बोटांचे ठसे, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. मोबाइल आत चालत नाही, म्हणून बाहेर सांभाळून ठेवणाऱ्याकडे द्यायचा. माझ्या पुढच्या मुलाला बरेच प्रश्न झाले. मला विचारलं, वडील काय करतात? द्राक्षं. मग डिप्लोमसी कशाला? मी म्हटलं, ती द्राक्षं युरोपला जातात. खिडकीमागचा अधिकारी म्हणाला, "मेक्स सेन्स," आणि पासपोर्ट ठेवून घेतला. परराष्ट्र खात्याच्या माणसाला हे एका वाक्यात पटावं आणि आमच्या गावाला फ्लेक्स लावूनही पटू नये, याची मला गंमत वाटत राहिली.

ऑगस्टमध्ये पोचले. मुख्य दालनाला हॉल ऑफ फ्लॅग्ज म्हणतात, विद्यार्थी ज्या ज्या देशांचे त्यांचे झेंडे तिथे टांगलेले. पहिल्या आठवड्यात सगळे त्याखाली उभं राहून फोटो काढतात, मीही काढला, गावच्या ग्रुपवर टाकला. इंग्रजीशिवाय आणखी एका भाषेवर पकड असल्याचं दाखवल्याखेरीज एमएएलडीची पदवी हाती पडत नव्हती, त्यामुळे अमेरिकी मुलं अरबी नाहीतर फ्रेंचच्या वह्या घेऊन फिरत. आपल्याला भाषांचं ओझं कधी वाटत नाही. संख्याशास्त्राचं मात्र वाटलं. हार्वर्डमधले विषयही घेता येतात. डेव्हिस स्क्वेअरहून रेड लाइन मेट्रोने दोनच स्थानकं. मी तिकडे शेतमाल व्यापाराचा एक विषय घेतला आणि थंडीत रोज स्वतःला शिव्या दिल्या.

वर्गात विद्यार्थी कोण असतात हे इथलं खरं शिक्षण. जपानच्या मंत्रालयाने पाठवलेला अधिकारी, अफगाणिस्तानात काम करून आलेला अमेरिकी लष्करातला मेजर, घानाची बँकर, मेक्सिकोचा वकील. डीनच नाटोचे माजी सरसेनापती, अ‍ॅडमिरल जेम्स स्टॅव्रिडिस. व्यापाराच्या बाजूला भास्कर चक्रवर्ती, त्यांच्यामुळे बाजारपेठेचं उदाहरण म्हणून भारत वारंवार यायचा. मी बोलायला उभी राहिले की लोक लक्ष देऊन ऐकत, कारण पॅकहाऊसवर रात्रपाळी केलेलं दुसरं कुणी तिथे नव्हतं.

८ नोव्हेंबर २०१६ हा दिवस मी विसरूच शकत नाही. अमेरिकेत अध्यक्षपदाचं मतदान. सकाळी साडेनऊच्या सुमाराला मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर होते आणि फोन थरथरायला लागला. भारतात रात्रीचे आठ, पंतप्रधान दूरदर्शनवर, पाचशे आणि हजारच्या नोटा बंद. आमच्याकडे तेव्हा ऑक्टोबर छाटणीनंतरची ऐन गडबड असते. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळ्या बागेत राहायला. त्यांची मजुरी द्यायला नानांनी दोनच दिवस आधी पैसे काढून ठेवलेले, सगळे पाचशेचे. आईचा आवाज फोनवर इतका बारीक झाला होता की मला आधी वाटलं कुणी आजारी आहे. त्या रात्री वसतिगृहाच्या दिवाणखान्यात निकाल बघायला सगळे जमले; जसजशी राज्यं ट्रम्पकडे जाऊ लागली तसतशी अमेरिकी मुलं गप्प होत गेली. मी एका कोपऱ्यात बसून टोळीच्या मुकादमाला उचल कशी द्यायची यावर नानांशी बोलत होते. शेवटी किराणा दुकानदाराने टोळीला उधारीवर धान्य दिलं आणि काम चालू राहिलं. दुसऱ्या दिवशी मौद्रिक धोरणाच्या तासाला मी नोटाबंदीवर बोलले. प्राध्यापकांनी त्या दिवसाचा ठरलेला विषय सोडून दिला.

पुढच्या जानेवारीत आणखी एक धडा. २३ जानेवारी २०१७ ला ट्रम्प यांनी ट्रान्स-पॅसिफिक पार्टनरशिप या व्यापार करारातून अमेरिकेला बाहेर काढलं. आमच्या व्यापार कायद्याच्या विषयात तो करार अभ्यासाला होता. प्राध्यापकांनी त्याचे तास रद्द केले नाहीत, नुसतं शीर्षक बदलून 'इतिहास' केलं. त्याच आठवड्यात सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी झाली आणि अर्धा वर्ग लोगन विमानतळावर निदर्शनांना गेला. मी गेले नाही. विद्यार्थी व्हिसावर असताना पोलिसांच्या आसपास जावंसं वाटलं नाही.

पण ज्यासाठी मी एवढ्या लांब गेले तो क्षण निराळाच निघाला. मी तिकडे गेले ती युरोपने नाडलेल्या शेतकऱ्याची मुलगी म्हणून. त्याच व्यापार कायद्याच्या विषयात प्रत्येकाला एका खटल्याची एकेक बाजू मांडायची होती, आणि मला मिळाली अमेरिकेची बाजू, भारताविरुद्ध. बर्ड फ्लूच्या नावाखाली भारताने अमेरिकी कोंबडी वर्षानुवर्षं अडवली होती. अमेरिकेने २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि जून २०१५ मध्ये अपील मंडळाने भारताच्या विरोधात निकाल दिला. का, तर भारताची बंदी आंतरराष्ट्रीय निकषांवर आधारलेली नव्हती आणि स्वतःचं जोखमीचं शास्त्रीय मूल्यांकनही भारताने केलेलं नव्हतं. अमेरिकी कोंबडीवाल्याच्या ओट्यावरही तोच प्रश्न विचारला गेला असणार. मी दोन आठवडे निकालपत्र वाचत बसले आणि भारताला हरवणारं भाषण लिहिलं. भाषण चांगलं झालं. त्या रात्री नानांना फोनवर सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आपण पण तेच करतो." मग थोडं थांबून, "बरोबर आहे, इथली पोल्ट्री वाचली की."

उरलेला सगळा काळ मी याच दिशेने गेले. एसपीएस करारात एक साधी तरतूद आहे. कुठलाही देश नवा नियम किंवा नवी मर्यादा आणणार असेल आणि ती आंतरराष्ट्रीय निकषांपेक्षा वेगळी असेल, तर ती आधी जाहीर करायची आणि इतर देशांना मत मांडायला मुदत द्यायची, साधारण ६० दिवस. ओट्यावरच्या 'आपल्याला विचारलं कसं नाही'चं हे अर्धं उत्तर. विचारतात. सूचना इंग्रजीत, जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या संकेतस्थळावर येते, आणि मुदत संपते. माझा अंतिम प्रबंध त्यावरच होता.

पदवीनंतरचं मी गोड करून सांगणार नाही. वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कला संस्था मुलांना नोकरीसाठी गाठीभेटी घ्यायला नेते; तिथे कळतं की कुणाचा पासपोर्ट किती वजनाचा. संयुक्त राष्ट्रांची तरुणांसाठीची भरती परीक्षा ज्या देशांचं प्रतिनिधित्व तिथे कमी आहे त्यांच्यासाठी असते, भारतीयांना तो दरवाजा सहसा बंद. श्रीमंत देश स्वतःच्या पैशाने स्वतःची मुलं तिथे कनिष्ठ पदांवर बसवतात. खाजगी कंपन्या एमबीएला जेवढ्या पटकन ओळखतात तेवढ्या एमएएलडीला नाही. आमच्या पदवीवर काम करायला परवानगी एक वर्षाची होती. मी वॉशिंग्टनला एका व्यापार सल्लागार संस्थेत ते काढलं, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नाव निघालं नाही, आणि २०१९ मध्ये परत आले. ज्याला अमेरिकेत राहायचंच आहे त्याने एवढं कर्ज या पदवीसाठी काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरचं तारण असो वा मामांचं.

आता मी पुण्यात निर्यातदारांच्या एका गटासाठी काम करते. काम म्हणजे जिनिव्हाच्या सूचना रोज बघणं, आपल्या पिकाला लागणारी सूचना मराठीत एका पानावर उतरवून पॅकहाऊसना पाठवणं आणि मुदतीत म्हणणं मांडायचं असेल तर मसुदा करून अपेडाकडे, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे, आणि मंत्रालयाकडे धाडणं. २०२० च्या नोव्हेंबरपासून युरोपने क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, तेव्हा छाटणीच्या आधीच आमच्याकडच्या बागांत ते औषध बंद झालं होतं. कर्जाचे हप्ते चालू आहेत. मामांच्या फ्लॅटचे कागद अजून बँकेत आहेत.

गेल्या महिन्यात लासलगावच्या एका मुलाने त्याचा निबंध वाचायला पाठवला. पहिल्या परिच्छेदात लहानपणापासूनचं कुतूहल होतं, दुसऱ्यात मॉडेल युनायटेड नेशन्स. तिसऱ्यात, ओझरतं, २०२० च्या सप्टेंबरात कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली तेव्हा त्याच्या काकांचा माल बांगलादेशच्या सीमेवर ट्रकमध्येच सडल्याचं. मी त्याला कळवलं की पहिले दोन काढून टाक, आणि ढाक्याच्या व्यापाऱ्याने त्या दिवशी काकांना फोनवर काय म्हटलं ते विचारून घे.